मऊ पडेपर्यंत

आवाज तसा काहीच नव्हता. साहेब दौऱ्यावर निघून गेले, पाठोपाठ कचेरीतली लाईटही गेली, म्हणून धम्मपाल त्या दिवशी दुपारीच घरी आला होता. दारात चप्पल काढता काढता त्याला तो ऐकू आला. मुलीच्या खोलीतून. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती, आणि सोयाबीन निघाल्यावर त्यानं आईला गावाहून परभणीला आणलं तेव्हा तिची खाट तिथंच टाकली होती. पातळ प्लास्टिकची चुरचुर. ती थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, आधीपेक्षा दबकी, कुणी पाकिटाचं तोंड एका हातानं दाबून धरावं आणि दुसऱ्या हाताची बोटं हळूच आत घालावीत तशी. दार अर्धवट लोटलेलं होतं. चांगुणाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, मांडीवर काहीतरी झाकलेलं. तिचं एका बाजूचं गालफड तेवढं दिसत होतं. तिनं बटाट्याची चकती तोंडात घातली. आता कुरकुर आवाज यायला हवा होता. तो आला नाही. ती तोंड मिटून नुसती बसून राहिली, गालफड हललं नाही. मग हळूच घशाची हालचाल झाली आणि हात पुन्हा पदराखाली गेला. धम्मपालच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ती चकती तोंडात मऊ पडायची वाट बघत होती.

त्यानं चप्पल परत पायात घातली आणि तो आला तसा बाहेर पडला. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला रस्त्यानं जाताना वाटत राहिलं. राग त्याच्या ओळखीचा होता, त्याचं काय करायचं ते त्याला माहीत होतं. हे दुसरंच काहीतरी होतं. आईला न्हाताना बघितल्यावर वाटेल तसं. वसमत रोडला ऊन रणरणत होतं, कार्तिक सरत आला तरी. कडेला गाजरांचा गाडा उभा होता, पानांसकट जुड्या, वर पाणी मारलेलं. एरवी तो थांबला असता, जुडी हातात घेऊन देठ मोडून बघितलं असतं. आज त्याला त्या ओल्या लाल ढिगाकडं बघवेना. कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटून त्यानं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. एका पानटपरीवर रंगीबेरंगी पाकिटांच्या माळा टांगलेल्या होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. पाकिटांवर बटाटे, टोमॅटो, हिरव्यागार मिरच्या छापलेल्या होत्या.

गेल्या वर्षी कचेरीतच त्याच्या छातीत कळ आली होती. खुर्चीवरून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. तेव्हापासून धम्मपालनं घर बदलून टाकलं. फरसाण, बिस्किटं, टोस्ट, पोह्यांचे तळलेले पापड, सगळं डब्यांतून काढलं. सकाळी भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी, दुपारच्या डब्यात काकडी, गाजर, मुळा, बीट, संध्याकाळी पेरू नाहीतर पपई. कच्चं खाताना सुरुवातीला जबडा दुखायचा. मग त्याला त्यात गोडी वाटायला लागली. दात भाजीत रुततात, रस सुटतो, आपण काहीतरी खरं खातोय असं वाटतं. वजन उतरलं, जिना चढताना दम लागेना. कचेरीत लोक आधी हसले, मग विचारायला लागले. समोसे आले की तो हात मागं घ्यायचा आणि सांगायचा, ‘आमची माय काय खायची माहितीय का? रानातलं. खुरपता खुरपता वाळकं तोडायची, तशीच खायची. हरभऱ्याचा पाला, गाजरं, बोरं. सत्तरीपर्यंत तिला गोळी माहीत नव्हती.’ हे सांगताना त्याच्या डोळ्यांपुढं ते रान उभं राहायचं. हिवाळ्याची सकाळ, काळ्या मातीवर दहिवर, हरभऱ्याच्या पाल्यावर खारट आंब. बायांची खुरपत चाललेली रांग आणि त्या रांगेमागं आईच्या लुगड्याचा काठ धरून चाललेला तो. तिनं मागं न बघता पाला खुडून त्याच्या तोंडात घातलेला. जिभेला झोंबणारा तो आंबट स्वाद. त्याच्या सगळ्या लहानपणात याच्याइतकं चांगलं त्याला दुसरं काही आठवत नव्हतं.

आणि त्याच आईला गावात साखर झाली. तळपायाला खडा रुतल्याचं निमित्त झालं आणि जखम भरेना. तो आणायला गेला तेव्हा खाटेखाली बिस्किटांची, शेवेची, कसल्या कसल्या नळ्यांची रिकामी पाकिटं होती. शेजारची कुसुमबाई म्हणाली, ‘भाकर करायचा कटाळा येतो म्हातारीला. एकट्या जिवाला चूल कोण पेटवावं? दुकानातलं आणून खाती.’ परभणीच्या डॉक्टरांनी जखम दाबून बघितली आणि तिच्यासमोरच धम्मपालला सांगितलं, हे असंच चाललं तर पाय काढावा लागेल. त्या संध्याकाळी त्यानं आईच्या ताटात पहिल्यांदा काकडीचे काप ठेवले. भाकरीचा तुकडा, वरण, आणि मोड आलेली मटकी. तिनं ताटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. काही बोलली नाही. खाल्लं. त्याला वाटलं, ओळख पटली तिला. आपलंच जुनं खाणं परत आलंय म्हटल्यावर कोण बोलणार.

त्या दुपारनंतर घरातल्या घरात त्याचे कान उगीचच टवकारलेले राहायला लागले. आंघोळ करताना तो नळ बंद करून ऐकायचा. पेपर वाचताना पान उलटताना थांबायचा. ती खोकली, खाट करकरली, औषधाची पट्टी वाजली, प्रत्येक वेळी तो तिच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. आपण आपल्याच घरात चोरावर पाळत ठेवल्यासारखं वागतोय हे त्याला कळत होतं, आणि चोर कोण याचा मात्र गोंधळ उडत होता. रात्रीच्या जेवणाला तो तिच्यासमोर बसायचा. तिला खालच्या बाजूला दोनच दाढा शिल्लक होत्या. गाजराचा तुकडा ती एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत राहायची. तो किसून द्यायला लागला. किसलेलं गाजर ती चमच्यानं खायची, शेवटच्या कणापर्यंत, लेकराला औषध पाजावं तसं स्वतःला पाजत. आणि मग त्याला ती मिटलेल्या तोंडानं वाट बघणारी बाई दिसायची. हिला नेमकं कधी भूक लागते, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता.

एका रविवारी ती न्हाणीत असताना त्यानं तिची गादी उचलली. गादीखाली काही नव्हतं. लुगड्यांच्या गठुड्यात हात घातला तर बोटांना प्लास्टिक लागलं. चार पाकिटं, बिस्किटाचा अर्धा पुडा, त्याचं तोंड रबरानं नीट बांधलेलं. गल्लीत घंटागाडी आलीच होती. तो गंजीफ्रॉकवरच खाली धावला आणि सगळं त्या गाडीत टाकून आला. वर येईपर्यंत चांगुणाबाई केस पुसत खाटेवर बसलेली होती. गठुडं सुटलेलं तिला दिसलं होतं.

‘फेकलास?’

‘फेकलं.’

‘समदं?’

‘समदं. माय, डॉक्टर काय म्हणले ते तू ऐकलंस ना? पाय जाईल तुझा.’

‘ऐकलं की.’

‘मग कामून असं करायलीस? मी काय वाईट खाऊ घालायलोय का तुला? तूच खायचीस ना हे रानात? वाळकं, गाजरं, हरभऱ्याचा पाला. मला तूच शिकवलंस खायला.’

चांगुणाबाईचा केस पुसणारा हात थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली, अनोळखी माणूस काय बोलतोय ते समजून घ्यावं तशी. ‘शिकवलं?’ ती म्हणाली. ‘आरं, घरात दाणा नसायचा. तुझ्या बापाला फडक्यात भाकर बांधून दिली की टोपल्यात कायबी उरायचं न्हाई. तू काठाला धरून भुकंनं रडायचास. मुकादम वरडायचा, पोरगं गप कर म्हणून. मग पाला कोंबला तुझ्या तोंडात. मी काय आवडीनं खात व्हते व्हय?’

तिच्या ओल्या केसांतून थेंब लुगड्यावर पडत होते.

‘आन वाळकं म्हणतूस तर,’ ती सावकाश म्हणाली, ‘वाळकं पाटलीण द्यायची. नासाय लागली की द्यायची. बांधावर उभी ऱ्हायची अन वरून टाकायची. आपण पदर पसरून खाली उभं ऱ्हायचं. पदरात पडलं तर पडलं, न्हाई तर मातीतून उचलायचं. गोड व्हती. गोड न्हवती असं न्हाई म्हणत मी.’ तिनं पंचा मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली. ‘तुझा बाप मला एकदा पूर्णेला घेऊन गेला व्हता. तू पोटात व्हतास. ठेसनावर त्यानं बिस्किटाचा पुडा घेतला. दुकानदारानं माझ्या हातात दिला. हातात. म्होरं एक मोठ्या घरची बाई व्हती, अंगभर सोनं. तिला जसला दिला, तसलाच मला. कुणी हात लावलेला न्हाई, कुणी उष्टावलेला न्हाई. म्याच फोडला त्यो.’

धम्मपाल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की हे सगळं खरं आहे, पण साखर चारशेच्या वर गेली होती. पाटलीण खरी, स्टेशन खरं, आणि तळपायाची ती न भरणारी जखमही खरी. रक्ताला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण कुठल्या शब्दानं सुरुवात करावी ते त्याला कळेना. तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वाढला होता. पदर पसरणं, वरून टाकणं, हे त्यानं सभांतून ऐकलं होतं, भाषणांत स्वतः सांगितलंही होतं. फक्त त्या बांधाखाली उभी असलेली बाई त्याच्या त्या हिरव्यागार रानात कधीच शिरली नव्हती. तिथं नेहमी दहिवर असायचं, आंबट पाला असायचा आणि त्याला भूक लागलेली नसायची. आता तो पाला आठवायला गेला तर जिभेवर नुसती माती आली.

संध्याकाळी त्यानं बायकोला, सुकेशनीला, विचारलं. ती खासगी शाळेत शिकवायची, एरवी पाचला घरी यायची. ‘दुकान तर चार गल्ल्या लांब आहे. मायला तिथवर चालवत नाही. मग पाकिटं आणतं कोण?’ सुकेशनी पिठाचा हात धुवत होती. तिनं नळ बंद केला. ‘मी,’ ती म्हणाली.

‘तू?’

‘त्या मागत नाहीत. शाळेतून येताना मीच आणते. आधी एकदा आणलं, तर त्यांनी माझा हात धरला, सोडेचनात. दिवसभर भिंतीकडं बघत बसतात हो त्या. तुमी घरी नसता.’

‘आणि पाय?’

‘पायाचं मलाबी कळतंय.’

‘मला सांगितलं का नाहीस?’

सुकेशनीनं पदराला हात पुसले. ‘सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं? आज केलंत तेच ना.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ती परत पोळपाटाकडं वळली आणि तिचं लाटणं पहिल्यासारखं फिरायला लागलं. धम्मपाल ओट्याशी उभा राहिला. समोर पाटीत गाजरं, बीट, काकड्या धुऊन ठेवलेल्या होत्या. या घरात आपल्याशिवाय दोन माणसं आहेत, त्यांचं एकमेकींशी काहीतरी चालतं आणि आपण आलो की ते थांबतं, हे त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जाणवलं. त्याला एकदम गार वाटलं.

त्यानंतर पाकिटं आली नाहीत. सुकेशनीनं आणली नाहीत आणि चांगुणाबाईनं मागितली नाहीत. ती त्याच्या हुकमात वागायला लागली, आणि हेच त्याला सोसेना. पुढ्यात येईल ते खायची. सकाळी भिजवलेले शेंगदाणे वाटून दिले तर ते, दुपारी किसलेलं बीट दिलं तर ते. संपलं की ताट दोन्ही हातांनी त्याच्याकडं सरकवायची. तो म्हणायचा, ‘माय, तुला काय आवडंल ते सांग. भाजून देऊ का? लिंबू पिळू का?’ ती म्हणायची, ‘चांगलं हाय की.’ तो बाजारातून पिवळे धमक पेरू आणायचा, चिरून मीठ लावून द्यायचा. ‘चांगलं हाय की.’ खाटेवर बसून ती खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू बघत बसायची. तिच्या दंडावरची कातडी सैल पडली. साखर उतरली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली तर जखमेला कडेनं गुलाबी कातडी धरलेली. ‘शाब्बास आजी,’ डॉक्टर म्हणाले, ‘असं पथ्य माझ्या एकाही पेशंटनं पाळलेलं नाही.’ धम्मपालला वाटलं आता आई हसेल. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘बरी झाले ना मी?’

‘झालीस की.’

‘मग जाऊ दे मला गावाला.’

आठवडाभर त्यानं टाळाटाळ केली. तिथं एकटी काय करशील, पडशील, तपासायला कोण नेईल. ती फक्त ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायची, त्याच आवाजात. शेवटी एका सकाळी त्यानं पिशवीत मटकी, गाजरं, काकड्या भरल्या आणि तिला घेऊन बस धरली. ताडकळसला उतरून पुढं गावापर्यंत जीप. वाटेत दोन्ही बाजूंनी हरभरा घाट्यावर आलेला, लोक बांधावर बसून ढाळे सोलून खात होते. त्यानं तिकडं बघितलं नाही. घराचं कुलूप काढल्यावर चांगुणाबाई उंबऱ्यावर टेकली आणि तिनं ऊरभर श्वास घेतला. कुसुमबाई धावत आली, ‘आगं बाई, किती वाळलीस,’ म्हणाली आणि दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. परतीच्या बसमध्ये धम्मपालला हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची त्याला शिसारी आली. आपण तिला तिच्या मर्जीनं वागू दिलं की आपली सुटका करून घेतली, हे त्याला ठरवता येईना. पूर्वी असले प्रश्न सुटायचे. आता नुसते मनात फिरत राहायचे, ते गाजर तिच्या तोंडात फिरायचं तसे.

तो रोज संध्याकाळी फोन करायचा. पहिला प्रश्न एकच. ‘काय खाल्लंस?’

‘काकडी खाल्ली. मटकी भिजू घातली व्हती, ती खाल्ली.’

‘मोड आले होते का?’

‘लय लांब आले.’

ती खोटं बोलत होती. पलीकडून कधी तिच्या तोंडात काहीतरी असल्याचं कळायचं, कधी शेजारच्या बायांचा हसण्याचा आवाज यायचा. उजळ, मोकळ्या आवाजात ती त्याला त्याचंच पथ्य म्हणून दाखवायची. आज बीट. आज मुळा. आज पपई, कुसुमबाईच्या दारची. खोटं बोलताना तिचा आवाज जितका भरलेला असायचा, तितका परभणीच्या घरात एकदाही नव्हता. त्याला कळायचं आणि तो म्हणायचा, ‘चांगलं केलंस.’ एवढंच त्यांचं बोलणं. बाकीचं काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नसे. माघ सरता सरता कुसुमबाईचा फोन आला, पायाला पुन्हा पाणी सुटलंय. तो गेला, तिला दवाखान्यात न्यायला गाडी करून गेला. तिनं खाटेची कड धरून ठेवली. ‘आता तिकडं न्हाई,’ म्हणाली. गावच्या नर्सबाईकडून पट्टी करून घेण्यावर ती कशीबशी कबूल झाली. पायाला वास येत होता. तो तिच्या पायाशी बसून राहिला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याला मान वर करता आली नाही.

चांगुणाबाई फाल्गुनात गेली. विष पायातून अंगभर भिनलं होतं. तो दिवस धम्मपालला सलग आठवत नाही. पांढरे कपडे आठवतात, वंदनेचे सूर, सुकेशनीचं कुसुमबाईच्या गळ्यात पडून रडणं. लोक म्हणाले, पिकलं पान होतं. कुणी म्हणालं, तुमच्यापाशी राहिली असती तर आणखी जगली असती. कुणी म्हणालं, बरं झालं, आपल्या घरात गेली. दोन्हीला त्यानं मान हलवली.

त्याच्या मनातून जात नाही ती त्याआधीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. तो नुकताच कचेरीतून आला होता. सुकेशनी ओट्याशी भाजी निवडत होती. त्यानं नेहमीसारखा फोन लावला, नेहमीसारखं विचारलं, ‘काय खाल्लंस आज?’

‘कायच न्हाई.’

‘सकाळपासून?’

‘कालपासून. मनच व्हईना.’

आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ होता. इतक्या दिवसांत ती फोनवर पहिल्यांदाच खरं सांगत होती. तो खुर्चीचा हात धरून बसला. ‘माय, असं नको करू,’ तो म्हणाला. ‘काहीतरी खा. कुसुमबाईला सांग, दुकानातून आण म्हणावं. बिस्किट खा. शेव खा. ते चिप्स खा. काय बी खा माय, तुला पाहिजे ते खा.’ सुकेशनीचे हात भाजीत थांबले होते. ती त्याच्याकडं बघत होती.

चांगुणाबाई म्हणाली, ‘नको रे बाबा. आता कशालाच चव न्हाई.’

तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही नाही. गावातली पोरं कुठंतरी ओरडत होती, कुणाची तरी शेळी बें बें करत होती, आणि मधूनच तिचा श्वास यायचा, वर ओढलेला, मग बऱ्याच वेळानं सोडलेला. धम्मपाल कान लावून बसून राहिला. तिनं काहीतरी खोटं बोलावं, एवढंच त्याला वाटत होतं. काकडी खाल्ली म्हणावं.